लेस नसलेला बूट: पहिली जोडी शिवण्याआधी एवढं वाचा

माझा पहिला बूट फर्म्यावरून, म्हणजे ज्यावर तो घडवतात त्या पायाच्या आकाराच्या साच्यावरून, निघालाच नाही. चार दिवस खपून शिवलेला, सोल लावलेला, पॉलिश केलेला बूट, आणि आत अडकलेला प्लास्टिकचा पाय. शेवटी रापीने (चामडं कापायच्या सुरीने) मागची शिवण उसवली तेव्हा सुटका झाली. कारण साधं होतं. मी लेसच्या बुटाचा अखंड फर्मा वापरला होता. लेसचा बूट समोरून उघडतो, फर्मा बाहेर येतो. बाजूला इलॅस्टिक असलेला बूट, ज्याला दुकानात चेल्सी म्हणतात, तो समोरून उघडतच नाही. ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर एक जोडी चामडं वाचलं असतं.

अंबडच्या एका टूलरूममध्ये मी अकरा वर्षं काढली. काम सुटल्यावर देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या कारागिराकडे जाऊन बसायला लागलो. काकांनी उमेदीत तोफखान्याच्या अधिकाऱ्यांचे बूट शिवलेले. त्यांचं एक वाक्य या सगळ्या लेखाच्या मुळाशी आहे: ‘लेसवाला बूट चूक पोटात घालतो, हा घालत नाही.’ लेस सैल-घट्ट करून माप जुळवून घेता येतं. इथे जे काही जुळवायचं ते आधीच, कागदावर आणि फर्म्यावर जुळवावं लागतं.

थोडा इतिहास, कारण तो कामाचा आहे. लंडनचा जे. स्पार्क्स-हॉल हा राणी व्हिक्टोरियाचा बूटकार. इलॅस्टिकच्या बुटाचं पेटंट त्याने १८५१ मध्ये घेतलं. त्याआधी असा बूट बाजारात टिकणं अवघडच होतं, कारण कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत कडक. रबराला गंधक घालून तापवायची व्हल्कनायझेशनची रीत १८४०च्या दशकात आली. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरचं पेटंट १८४४चं. तेव्हा कुठे ताणून पुन्हा जागेवर येणारी पट्टी भरवशाची झाली. म्हणजे हा बूट चामड्याइतकाच रबराचा आहे. नवखे लोक सगळे पैसे चामड्यावर घालतात आणि इलॅस्टिक पिशव्यांच्या दुकानातून आणतात. ‘चेल्सी’ हे नाव मात्र पुष्कळ नंतरचं, लंडनच्या त्या भागातल्या १९५०-६०च्या दशकांतल्या फॅशनमुळे पडलेलं.

आधी काय काय जमवायचं

हत्यारं: रापी आणि तिला धार लावायचा दगड, आरी, लास्टिंगची पक्कड (फर्म्यावर चामडं ओढायची, पुढे हातोडीसारखं डोकं असलेली), साधी हातोडी, बारीक खिळे, कापडी टेप, मास्किंग टेप, जाड कार्डशीट, चंदेरी पेन. शिलाई मशीन पोस्ट-बेडची (उभ्या खांबावर शिवणारी) असेल तर उत्तम. घरातल्या मशीनवर दोन पदर चामडं आणि इलॅस्टिक एकत्र शिवायला जाऊ नका, सुईही जाते आणि मशीनही. पहिल्या दोन-तीन जोड्यांचं अपर (सोलच्या वरचा बूट) शिवण्यापुरतं मशीनवाल्या कारागिराकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

माल: अपरचं चामडं जोडीला साधारण साडेतीन ते चार चौरस फूट, अस्तराला बकरीचं किंवा मेंढीचं चामडं तीनेक फूट, इनसोलसाठी झाडाच्या सालीत कमावलेलं जाड चामडं, काउंटर (टाचेला ताठ ठेवणारा तुकडा) आणि टो पफ (तसाच बोटांपुढचा), स्टीलची शँक (तळाच्या मधल्या भागाला आधार देणारी पट्टी), सोल, टाच, इलॅस्टिक, चिकटवायचं सोल्युशन, खळ.

नाशिकमध्ये यातलं किरकोळ सामान भद्रकाली-मेन रोडच्या बाजूला चपला-बुटांचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, पण निवड करायला वाव कमी. मी सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरतो, दादरला उतरून धारावीत चामडं बघतो, आणि फर्मे, शँक, सोल यांसाठी चेंबूर-कुर्ल्याकडच्या ठक्करबाप्पा कॉलनीत जातो. फर्म्यांची मोठी ऑर्डर असेल तर आग्र्याचं हिंग की मंडी. चामडं फोनवर मागवू नका. ते हातात घेऊन दुमडून बघायची वस्तू आहे.

१. पाय मापा, तोही संध्याकाळी

दिवसभर उभं राहिल्यावर पाय थोडा फुगतो, म्हणून माप संध्याकाळी. मोजा घालून, उभं राहून, दोन्ही पाय. लांबी आणि पंजाचा घेर सगळेच घेतात. या बुटासाठी खरी मापं तीन: पायाच्या पाठीवरचा घेर, घोट्याच्या वरचा घेर, आणि टाचेच्या मागच्या टोकापासून पायाच्या पाठीच्या वळणापर्यंतचा तिरका घेर. हे तिसरं माप विसरलात तर बूट दिसेल छान, पण पायात जाणार नाही.

माझंच उदाहरण. माझा तिरका घेर ३३.५ सेंटिमीटर. बुटाचं वरचं तोंड मी २६.५ ठेवतो, नाहीतर घोट्याशी तो पोत्यासारखा दिसतो. पाय आत जाताना टाच त्या २६.५च्या नळीतून जाणार. फरक ७ सेंटिमीटरचा. दोन बाजूंना ६-६ सेंटिमीटर रुंदीचं इलॅस्टिक असेल आणि ते दीडपट-पावणेदोनपटीच्या मध्ये, समजा १.६ पट ताणलं जात असेल, तर प्रत्येक बाजूला ३.६ म्हणजे एकूण ७.२ मिळतात. जमलं. हाच हिशेब ४ सेंटिमीटरच्या पट्टीने केला तर जमत नाही, आणि बाजारातल्या कित्येक बुटांत तो जमलेला नसतो. म्हणून ते घालताना माणूस भिंतीला टेकून झटापट करताना दिसतो.

२. फर्मा

फर्मा मध्ये बिजागरी असलेलाच घ्या. किल्ली किंवा हूक लावून ओढलं की तो मधून दुमडतो, लांबी कमी होते आणि बुटातून निघतो. दुसरी अट, फर्मा घोट्यापर्यंतच्या बुटाचा हवा, डर्बी-ऑक्सफर्ड अशा लेसच्या आखूड बुटांचा नको. बुटाच्या फर्म्याला वरचा भाग उंच आणि घोट्याच्या वळणाशी आटोपशीर असतो. बुटाच्या त्या भागाला पुढे आवळणारी लेस नसते, त्यामुळे तिथे जो आकार फर्म्याला आहे तोच बुटाला येणार.

मापाच्या आकड्यांत एक खड्डा आहे. यूके पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण ८.५ मिलिमीटर. ४१-४२-४३ ही पॅरिस पॉइंटची पद्धत, तिथे एक नंबर म्हणजे ६.६७ मिलिमीटर. त्यामुळे दोन्हींचे टप्पे कधीच नीट जुळत नाहीत. फर्मा एका पद्धतीचा आणि तयार सोल दुसऱ्या पद्धतीचा घेतला की कडेला तीन-चार मिलिमीटर उघडं राहतं. सोल घ्यायला जाताना फर्मा पिशवीत घालून न्या. दुकानदार हसला तर हसू दे.

पायाची पाठ उंच असेल तर फर्म्यावर त्या जागी चामड्याची चकती चिकटवून, कडा तासून घेर वाढवा. माझ्या भावाच्या फर्म्यावर अशा दोन चकत्या आहेत.

३. पॅटर्न

फर्म्याच्या बाहेरच्या बाजूवर मास्किंग टेपचे दोन थर आडवे-उभे लावा. त्यावर पेन्सिलीने रेघा मारा: मागची मधली रेघ, पुढची मधली रेघ, इलॅस्टिकचा यू (पट्टी बसायचं यू आकाराचं भोक). मग टेप सोलून कार्डशीटवर सपाट चिकटवा. टेप सपाट होताना कुठेतरी सुरकुती पडणारच. ती तळाच्या कडेला ढकला, वरच्या कडेला नको. आतल्या बाजूला पाय वेगळा असतो, म्हणून दुसरी बाजूही काढा आणि दोन्ही ताडून बघा.

वाढीव माया: तळाला ओढून घेण्यासाठी १५ ते २० मिलिमीटर, एकावर एक येणाऱ्या शिवणीला ८, कड दुमडायची असेल तिथे ५. इलॅस्टिक मात्र यूच्या भोकापेक्षा चारी बाजूंनी ८ ते १० मिलिमीटर मोठं कापा.

यूचं तळ सोलच्या कडेपासून किमान ३ सेंटिमीटर वर राहू द्या. खाली नेलं तर फर्म्यावर चामडं ओढताना इलॅस्टिकही ताणलं जातं, आणि बूट उतरवल्यावर कडा चुण्या घेऊन आत येतात. माझ्या दुसऱ्या जोडीचं हेच झालं.

एकाच तुकड्याचा, फक्त मागे एक शिवण असलेला बूट ऑस्ट्रेलियातल्या आर. एम. विल्यम्समुळे प्रसिद्ध आहे. दिसायला सगळ्यात सोपा, करायला सगळ्यात अवघड. एक ओरखडा आला की पूर्ण तुकडा बाद. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

४. चामडं बघणं आणि कापणं

अपरसाठी क्रोमवर (क्रोमियमच्या क्षारांत) कमावलेलं, १.८ ते २ मिलिमीटर जाडीचं चामडं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथलं स्थानिक जाड चामडं बहुतेक म्हशीचं. म्हशीचं चामडं मजबूत असतं, रेषा थोडी जाड दिसते. कामाच्या बुटाला मला तेच आवडतं. गुळगुळीत चकाकी हवी असेल तर गाईचं किंवा वासराचं बाहेरून आलेलं घ्यावं लागतं आणि बिलावर ते काय आहे हे लिहून घ्यावं.

जनावराच्या पाठीचं चामडं घट्ट, पोटाचं आणि काखेचं ढिलं. पुढचा भाग पाठीतून कापा, अस्तराखाली झाकले जाणारे तुकडे पोटाकडून चालतात. हाताने ओढून ताणाची दिशा बघा: ज्या दिशेने कमी ताणलं जातं ती दिशा बोटांकडून टाचेकडे यायला हवी. उलट कापलंत तर बूट महिन्याभरात लांबट होतो, आणि आवळायला लेस नाही. डावा आणि उजवा तुकडा पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना समोरासमोर ठेवून कापा, म्हणजे दोन्ही बूट सारखे जुने होतात.

घ्यायच्या आधी चामडं वरची बाजू आत ठेवून दुमडा. बारीक सुरकुत्या पडून सपाट झाल्या तर ठीक. कागदासारखा वरचा थर सुटून फुगला तर परत ठेवा, रंग कितीही आवडला असला तरी.

५. पुढच्या भागाला वळण लावणं

नवख्यांना कुणी सांगत नाही अशी पायरी हीच. चेल्सीचा पुढचा भाग बोटांवरून आडवा येतो आणि घोट्याशी वर वळतो. सपाट चामड्याला असं वळवलं की वळणात गठ्ठा होतो. मशीनवर हा तुकडा गरम ताटलीत दाबून वळवतात. हाताने करायचं तर क्रिम्पिंगची पाटी लागते. मी १२ मिलिमीटर प्लायवूडची, बुटाच्या समोरच्या रेघेसारखी वळलेली पाटी कापली आणि तिची कड गोल घासली.

चामडं अर्धा तास पाण्यात बुडवा. मधोमध दुमडून पाटीच्या कडेवर चढवा. आधी दोन टोकं खिळ्याने धरा, मग पक्कडीने वळणाजवळची सुरकुती बाहेरच्या कडांकडे ओढत ओढत घालवा. एका ओढीत जात नाही. ओढा, खिळा ठोका, पाच मिनिटं थांबा, खिळा काढा, पुन्हा ओढा. काका या वेळी चहा मागवायचे. घाई करणाऱ्याचं चामडं फाटतं, हे मीही त्यांना दोनदा करून दाखवलं. सगळी सुरकुती गेली की बोटाने वळण घासून बसवा आणि सावलीत वाळू द्या. एप्रिलमध्ये नाशिकला एका दिवसात वाळतं. श्रावणात तीन दिवस धरा, आणि पंख्याखाली ठेवा, नाहीतर बुरशीचे ठिपके येतात. क्रोमचं चामडं थोडं परत उघडतं, म्हणून पाटीचं वळण फर्म्यापेक्षा किंचित जास्त ठेवा. पॅटर्नचा पुढचा तुकडा या वाळलेल्या वळणावर ठेवूनच शेवटचा कापायचा, आधी नाही.

हे नको असेल तर घोट्याच्या वळणाशी आडवी शिवण घेऊन वरचा तुकडा वेगळा जोडा. रूप थोडं कामकरी दिसतं, पण पहिल्या जोडीला मी हेच सुचवेन.

६. शिवण आणि इलॅस्टिक

ज्या कडा एकावर एक येणार त्या रापीने आतून तासून पातळ करा. न तासलेली शिवण घोट्याला घासते.

इलॅस्टिक विकत घेताना माझी चाचणी: दहा सेंटिमीटरचा तुकडा सोळापर्यंत ताणून लाकडाला खिळा, रात्रभर ठेवा. सकाळी सोडल्यावर तो दहाच्या जवळ, चार-पाच मिलिमीटरच्या आत आला पाहिजे. मी एका दुकानातून घेतलेला अख्खा गुंडा साडेअकरावर थांबला होता. तो आता घरात गाद्या बांधायला आहे.

पट्टी ताणाची दिशा आडवी ठेवून कापा, म्हणजे बूट रुंद होईल. उंच होऊन उपयोग नाही. चिकटवताना आणि शिवताना ती अजिबात ताणू नका. तळहात टेबलावर सपाट ठेवून तिला नुसती पडू द्या. चामडं आणि अस्तर यांच्या मध्ये ती घालून दोन समांतर टाक्यांच्या रांगा घ्या, एका सेंटिमीटरला तीन टाके. जास्त बारीक टाके घेतले तर सुई रबराचे धागे तोडते आणि पट्टी काही महिन्यांत शिवणीलगत लुळी पडते. यूच्या तळाशी दोन-तीन टाके मागे घ्या, फाटायला सुरुवात तिथूनच होते. चिकटवायचं सोल्युशन फक्त कडेच्या मायेवर. दिसणाऱ्या भागाला लागलं तर तो भाग कडक होऊन ताणच घेत नाही. गरम इस्त्री तर लांबच ठेवा.

मागचा ओढायचा पट्टा दोन पदरांच्या मध्ये खोलवर घेऊन शिवा. रोज सकाळी माणसाचं निम्मं वजन त्यावर येतं.

७. फर्म्यावर चढवणं

इनसोल भिजवून फर्म्याच्या तळाला तीन खिळ्यांनी ठोका, वाळल्यावर कडेने कापा. फर्म्याला टाल्कम पावडर चोळा. टाचेत अस्तर आणि अपर यांच्यामध्ये काउंटर, पुढे टो पफ, दोन्ही खळ लावून. इलॅस्टिकवर कागद गुंडाळून टेप लावा, हाताचा डाग निघत नाही.

मागची उंची मोजून टाचेत एक खिळा ठोका, दोन्ही बुटांची उंची सारखी. मग पुढच्या टोकाला मधोमध एक ओढ, त्याच्या डावी-उजवीकडे एकेक, मग कंबर (पंजा आणि टाच यांच्या मधला भाग), मग टाच. प्रत्येक ओढीनंतर समोरून बघा: मधली रेघ सरळ आहे ना, दोन्ही यू एका उंचीवर आहेत ना. एक यू पाच मिलिमीटर खाली गेला तर ते दहा फुटांवरून दिसतं. फर्म्यावर जोडी किमान दोन दिवस ठेवा. मी आठवडा ठेवतो.

८. सोल

पहिल्या जोडीला चिकटवलेला सोल पुरे. तळाची माया एकसारखी तासा, घासून खरखरीत करा, धूळ झटका. सोल्युशनचे दोन पातळ थर, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या, मग गरम हवेने जागवून एका फटक्यात बसवा आणि हातोडीने मधून कडेकडे ठोका. टीपीआरच्या (रबरासारख्या प्लास्टिकच्या) सोलला आधी त्याचा प्रायमर लागतो, नाहीतर तो पापडासारखा सुटतो. सोल चिकटवण्याआधी शँक टाचेपासून कमरेपर्यंत बसवायला विसरू नका. ती नसेल तर बूट मधून वाकतो.

पावसाळ्यात एक खास नाशिकची अडचण. हवा ओली असली की वाळणाऱ्या सोल्युशनवर दुधाळ थर चढतो, तो म्हणजे पाणी. त्यावर सोल दाबला तर दुसऱ्या दिवशी हाताने निघतो. तसा थर दिसला की गरम हवेने तो पूर्ण जाईपर्यंत थांबा, किंवा पाऊस उघडेपर्यंत बाकीची कामं उरका.

वेल्टचं काम, म्हणजे कडेने चामड्याची पट्टी शिवून तिला सोल शिवणं, हा वेगळा अभ्यास आहे. ते पाचव्या-सहाव्या जोडीला.

९. फर्मा काढून पायात घालून बघणं

फर्मा बिजागरीत दुमडा आणि ओढा. पट्ट्याला धरून पाय सरकवा. टाच जाताना ‘टप्प’ असा आवाज यावा आणि घोट्याशी इलॅस्टिक अंगाबरोबर बसावं. चालताना टाच अर्धा सेंटिमीटर उचलली जात असेल तर चालेल, सोल वाकायला लागला की ती थांबते. एक सेंटिमीटर उचलत असेल तर फर्म्याच्या पाठीचा घेर जास्त आहे. आत जाड सुखतळा घालून ही जोडी वापरा, फर्मा तासा, आणि पुढची नीट करा.

१०. विकायला लागाल तेव्हाची कागदपत्रं

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं. यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटना फसू नका, मी एकदा फसलोय. घराण्यात हे काम चालत आलं असेल आणि तुम्ही हाताने करत असाल तर पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत पादत्राणांचे कारागीर येतात. आधार, बँक पासबुक, रेशनकार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रात नोंदणी होते. त्यात प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने कर्ज आहे. चर्मकार समाजातल्या मुलांनी संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही चौकशी करावी. रीतसर शिकायचं असेल तर नाशिकहून जवळ पडणारी एफडीडीआय (पादत्राणांच्या डिझाइनची सरकारी संस्था) गुजरातेत अंकलेश्वरला आहे.

आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पॅटर्नच्या कार्डावर तारीख, फर्म्याचा नंबर आणि इलॅस्टिकची रुंदी लिहून ठेवा. चामडं आणि सोल ठीक असतात तेव्हाही रबर काही वर्षांनी थकतं. मग टाके उसवून नवी पट्टी जुन्याच भोकांतून हाताने शिवायची असते, आणि त्या वेळी ‘सहा होती की साडेसहा?’ असं म्हणत बसायला लागू नये.